दगडाची सुरी आणि तिचं म्यान

ज्या ड्रॉइंग मास्तराला पेन्सिल धड तासता येत नाही, त्यानं दगडाची सुरी करायला सातपुड्यात जाऊ नये, असं आमच्या घरातून मला स्पष्ट बजावण्यात आलं होतं. तरी मी गेलो. नाताळच्या सुटीआधी थोडी रजा जोडून सोळा दिवस हाताशी होते आणि शाळेत मी जे बोलून बसलो होतो ते निस्तरायला दुसरा मार्ग नव्हता.

काय बोललो होतो ते आधी सांगतो. पुण्यात नदीकाठी फिरताना गेली नऊ वर्षं मी गारगोटीच्या चिपा गोळा करीत आलो आहे. मधाच्या रंगाच्या, दुधी, लालसर, काही नखाएवढ्या, काही नखाहूनही लहान. माझं म्हणणं, या फार जुन्या माणसांच्या सुऱ्या आहेत. शाळेनं मोठ्या मनानं कपाटाचे तीन खण मला दिले होते आणि त्यात कापसावर मी त्या मांडल्या होत्या. आमचे इतिहासाचे शिक्षक दामले यांना हे बघवत नसे. एके दिवशी मधल्या सुटीत, सगळे शिक्षक चहा पीत असताना ते म्हणाले, "सुऱ्या म्हणता, पण एवढ्याशा? असल्या सुऱ्यांनी काय मुंग्या भाजी चिरत होत्या?"

हशा पिकला. मला कुणी हसलं की माझा आवाज चढतो. "दगडाची सुरी आजही करता येते. मी स्वतः करून आणतो, आणि तुमच्या सर्वांच्या डोळ्यांदेखत दोर कापून दाखवतो," मी म्हणालो.

"आणि नाही जमलं तर?"

"तर हे तिन्ही खण शाळेच्या आखाड्याच्या वाटेवर खडी म्हणून ओता."

हेडमास्तरांनी लगेच मान डोलावली, कारण त्या वाटेला खडी हवीच होती. नऊ वर्षांची माझी माया पैलवानांच्या पायाखाली जाणार, या विचारानं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आमच्या आळीतल्या एका निवृत्त ओव्हरसियरांनी मला सांगितलं होतं की, शहाद्याच्या वर डोंगरात पावरा लोक बाणाची काडी अजून दगडाच्या पात्यानं तासतात आणि ते पातं कच्च्या चामड्याच्या म्यानात ठेवतात. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी नंदुरबारचं तिकीट काढलं.

शहादा

गाडीचा प्रवास, मोटारीची धूळ आणि प्रकाशाला तापी ओलांडताना होडीतून माझी एक वहाण वाहून गेली तो प्रसंग मी गाळतो. एका पायात वहाण घालून शहाद्यात उतरलो एवढं सांगितलं म्हणजे पुरे. ओव्हरसियरांनी तिथल्या फुलचंद शेठच्या नावे मला चिठ्ठी दिली होती. शेठ मूळचे मारवाडातले, पण तीन पिढ्या इथंच, बोलणंही इथल्या अहिराणीत. दुकान भांड्यांचं आणि लोखंडी सामानाचं. चिठ्ठी वाचून त्यांनी मला नव्या वहाणा आणवल्या, दालबाटीचं जेवण घातलं आणि मग अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "मास्तर, दगडनी सुरी कशाले? मन्हा दुकानमा लोखंडनी बठ्ठी शेतस. एक लई जा. भेट समजा."

मी त्यांना प्राचीन मानवाबद्दल सांगितलं. शेठ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बिचारास्कडे लोखंड नव्हतं." हे त्यांनी इतक्या कळवळ्यानं म्हटलं की, त्या लोकांना ते आजही एकेक सुरी पाठवायला तयार असावेत असं वाटलं.

घरातून निघताना मात्र त्यांनी एक अट घातली. "परत येताना कातडं आनशात, ते ओटाबाहेर. घरमा चालाव नही." शेठ जैन होते. मी चित्पावन होतो. मीही चामड्याला हात लावणार नव्हतो, निदान तेव्हा माझी तशी समजूत होती. ते काम कुणीतरी करून देईल आणि मी ते रुमालात गुंडाळून आणीन, असा माझा बेत होता.

डोंगरात माझ्याबरोबर यायला शेठनी कासमभाईंना बोलावलं. कासमभाई गावात ढोल मढवीत. त्यासाठी डोंगरातून बकऱ्याची कातडी आणणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग, म्हणून त्यांना पाड्यापाड्यावरची कुत्रीसुद्धा ओळखत. साठीचा, किडकिडीत, पान खाणारा माणूस. पहिल्याच भेटीत त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि "अरे बापरे" एवढंच म्हणाले.

कळसाडी आणि पुढे

लोणखेड्यावरून बैलगाडीनं निघालो. कळसाडीला एका शेतकऱ्याच्या ओसरीवर दुपार काढली. कापूस वेचून आणला होता आणि ओसरीवर त्याचे ढीग पडले होते. मला बसायला जागा म्हणून ढिगाकडेच बोट दाखवलं. एवढी मऊ बैठक मला पुण्यात कुणी कधी दिली नाही. जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे आमटीत गूळ विसरला तर घरात चर्चा होते. इथं मी पहिल्या घासाला रडलो आणि घरधनीण आतून म्हणाली, "मास्तरले घरनी याद ई ऱ्हायनी वाटस." कासमभाईंनी गंभीर चेहऱ्यानं होकार दिला.

पुढं गाडीवाट संपली आणि पायवाट लागली. दोन्ही बाजूंना साग, मध्येच सालईची उघडी झाडं, खाली ओढ्याच्या पात्रात गोटेच गोटे. दर दहा पावलांवर मी वाकून गोटे उचलीत होतो आणि खिशात घालीत होतो. टेकाड चढेपर्यंत माझा कोट गुडघ्यापर्यंत लोंबू लागला. कासमभाई मागं वळून म्हणाले, "मास्तर, वर दगड शेतस. अठून लई जानं पडत नही."

आणखी एक गोष्ट त्यांनी चालता चालता सांगून ठेवली. "डोंगरमा 'तुम्ही' म्हननारा कोनी भेटाव नही. कलेक्टरले बी तूच म्हनतस. राग मानू नका." राग कसला, मी मोठ्या मनानं म्हणालो. प्रत्यक्षात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे कान तापले, हे कबूल करतो.

रुमाल्याबाबाचा पाडा

पाडा म्हणजे दोन टेकाडांवर विखुरलेली दहाबारा घरं. कुडाच्या भिंती, आत शेण-मातीचा लेप, एका भिंतीवर घोडे आणि माणसं पांढऱ्या रंगात काढलेली. कासमभाई मला ज्याच्याकडे नेत होते तो रुमाल्याबाबा अंगणात बसून बाणाची काडी तासत होता. आणि हो, त्याच्या हातात दगडाचं पातं होतं! माझं काळीज असं उडालं की, मी त्याला नमस्कार करायचा विसरलो आणि सरळ त्याच्या हाताशी जाऊन उकिडवा बसलो.

बाबा सत्तरीचा असेल. डोक्याला फडकं, कमरेला लंगोटी, चेहरा शांत. घरात तो पावरी बोले, पण बाजाराला जाऊन जाऊन खालची अहिराणी त्याला चांगली येत होती. बाणाला दगडच का, असं मी विचारलं. त्यानं काडी माझ्या गालावर फिरवली, ती रेशमासारखी गुळगुळीत लागली. "लोखंड खड्डा पाडस," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आनि जंगलना नाकेदार लोखंड दखीसन शंभर गोष्टी इचारस. दगडले कोन इचारी?"

"तू काय काम करस?" त्यानं मला विचारलं. (हाच तो 'तू'.)

मुलांना चित्रं काढायला शिकवतो, मी म्हणालो. बाबानं भिंतीवरच्या घोड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चित्र काढाले बी शिकाडनं पडस का?"

मी विषय बदलला आणि कामाचं बोललो. एक सुरी आणि एक म्यान पाहिजे, मोबदल्यात काय द्यावं ते सांगा. बाबानं मान हलवली. कासमभाईंनीही हलवली; त्यांना हे आधीच ठाऊक होतं आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मी आलो नसतो.

"सुरी कोनी कोनले देत नही," बाबा म्हणाला. "ज्यानी त्यानी करनी पडस. आनि तुन्हं म्यान तुन्ही सुरीनीच कापानं. लोखंड लावानं नही."

या पाड्याची रीत अशी होती. हाताची पकड ज्याची त्याची, म्हणून सुरी ज्याची त्यानं करायची. आणि जी सुरी कातडं कापून स्वतःचं म्यान करू शकत नाही, तिला सुरी म्हणायचं नाही. सुटीचे तेरा दिवस उरले होते. मी कोट काढला.

पहिले तीन दिवस मी फक्त दगड वाया घालवले. बाबा ओढ्यात घेऊन जाई, एक गोटा उचलून दुसऱ्यावर आपटी आणि म्हणे, "आयक." टण् असा आवाज आला तर "हाऊ जिता शे," आणि ठप् असा आला तर "हाऊ मरेल शे." माझ्या कोटाच्या खिशातले सगळे मेलेले निघाले. घरी आलं की मांडीवर चामड्याचा तुकडा ठेवायचा, त्यावर गोटा धरायचा आणि दुसऱ्या वाटोळ्या दगडानं कडेला ठोका द्यायचा. बाबा ठोका दिल्यासारखं करी आणि लांबट पातळ चीप अलगद त्याच्या तळहातावर उतरे. मी ठोका देई आणि माझ्या हातात गोट्याचे दोन अर्धे राहत. कधी अंगठा मध्ये येई.

"जोरमा मारू नको," बाबा सांगे. "दगडले बी राग येस."

पाड्यावर माझी फार मोठी सोय झाली. म्हणजे लोकांची करमणुकीची सोय. सकाळी कामाला जाताना माणसं अंगणात थांबून माझे दोन-चार ठोके पाहत आणि हसत हसत शेताकडे जात. बाबाची बायको जमनीबाई चुलीपुढून मला दगड फोडताना बघे आणि पदर तोंडाशी धरून मागं वळे. पण मक्याच्या भाकरीवर उडदाची डाळ वाढताना तिचा हात मोकळा असे. माझ्या अंगठ्याला तिनंच कसला तरी पाला वाटून बांधला. घरी बोट कापलं की आयोडीन आणि त्याबरोबर व्याख्यान मिळतं. इथं नुसता पाला मिळाला.

चौथ्या दिवशी दुपारी ते घडलं. मधाच्या रंगाचा एक गोटा माझ्या हाती आला होता. मी ठोका दिला, आवाज वेगळा झाला, आणि वीतभर लांबीचं, जरासं बाकदार, उन्हात आरपार दिसणारं पातं माझ्या मांडीवर पडलं. मी ओरडलो. जमनीबाई बाहेर धावून आली. तिला वाटलं पुन्हा अंगठाच. बाबानं पातं हातात घेतलं, कड बोटानं चाचपली आणि पहिल्यांदाच म्हणाला, "हाई सुरी व्हई."

सांबराच्या गळून पडलेल्या शिंगाच्या टोकानं कड दाबत दाबत लहान चिपा उडवायच्या, म्हणजे धार येते. ते त्यानं मला दाखवलं. बोथट बाजूला चामड्याची वादी गुंडाळली, झाली मूठ. मी ती सुरी किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. दामल्यांच्या नाकासमोर ती धरतोय असं चित्र मी मनात रंगवलं आणि त्यात दामल्यांचं नाक जरा मोठंच काढलं.

कातडं

आता म्यान. कासमभाईंनी बकऱ्याचं कातडं आणलं होतं. ते राखेच्या पाण्यात भिजत घातलेलं होतं. केस सुटले होते. ते खरवडायचं काम माझं. सोवळ्यात वाढलेल्या माणसानं ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून बकऱ्याची ओली कातडी खरवडावी, हे दृश्य आमच्या आळीनं पाहिलं असतं तर माझ्या श्राद्धाची तयारी सुरू झाली असती. वास असा की, दुसऱ्या दिवशी भाकरीलाही तोच, पाण्यालाही तोच. मी कासमभाईंना म्हणालो, "तुम्हाला याचं काही वाटत नाही?" ते म्हणाले, "मास्तर, ढोल वाजस तवय कोनले वास येस का?"

कातडं चौकटीवर ताणून, वाळवून, कापण्यापुरतं पुन्हा ओलं केलं. मी माझी सुंदर सुरी त्यावर टेकवली आणि ओढली. एक रेघ उठली. पुन्हा ओढली. आणखी एक रेघ, पहिलीच्या शेजारी. ओलं कातडं घसरत होतं, सुरी ओरखडे काढत होती. अर्ध्या दिवसात चार बोटं कापलं गेलं आणि धार गेली.

"झटकीसन नवी काढ," बाबा म्हणाला. म्हणजे शिंगानं कड दाबून बोथट भाग उडवून टाक.

एकदा उडवला. सुरी चांगली कापू लागली, पण रुंदीला करंगळीच्या नखाइतकी कमी झाली, आणि टोकाचा एक तुकडा माझ्याच चुकीनं गेला. वीतभर पात्यातलं बोटभर गेलं होतं. आणखी चारदा धार काढावी लागली तर दामल्यांना दाखवायला काय राहील? मी सुरी फडक्यात गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी खाली आठवड्याचा बाजार होता. बाबा आणि जमनीबाई बाजाराला गेली. कासमभाई मोहाच्या झाडाखाली झोपले. माझ्या पिशवीत पेन्सिली तासायचा पोलादी चाकू होता. तो बाहेर कसा आला हे मला सांगता येत नाही, पण अर्ध्या तासात म्यान कापून झालं होतं. नुसतं कापून नाही. मी ड्रॉइंग मास्तर आहे. सुरी कातडावर ठेवून मी कोळशानं बाह्यरेषा आखली, दुमडीला जागा सोडली, टाक्यांची भोकं सारख्या अंतरावर पाडली, ओल्या वादीनं शिवलं. सुरी आत घातली आणि उन्हात ठेवलं. वाळताना कातडं आक्रसलं आणि सुरीच्या अंगाला असं चिकटून बसलं की, जणू दोघं एका आईची लेकरं. उपसली की खस् असा आवाज येई. मी ती दहा-बारा वेळा उपसली.

संध्याकाळी बाबा आला. मी म्यान पुढं केलं. त्यानं सुरी उपसली, परत घातली, पुन्हा उपसली.

"बराबर बसनी," तो म्हणाला.

"हो ना!" मी म्हणालो.

"काय लिसन कापं?"

"सुरीनं. आणखी कशानं?"

बाबानं सुरी माझ्या हातात दिली. म्यान मात्र त्याच्या कुत्र्यापुढं टाकलं. कुत्र्यानं ते दोन्ही पायांत धरलं आणि आपल्या रीतीनं बारकाईनं परीक्षण सुरू केलं. मी धावलो, पण कासमभाईंनी माझा सदरा मागून धरला.

"मास्तर," बाबा जराही आवाज न चढवता म्हणाला, "कापाले लागनं का सुरी लहान व्हस. तुन्ही तं काल व्हती तेवढीच शे."

बाबा घरात गेला आणि आढ्याला अडकवलेलं एक म्यान काढून घेऊन आला. काळं पडलेलं, माझ्या वितीएवढं लांब, वेडंवाकडं शिवलेलं. त्यानं ते उलटं करून माझ्या तळहातावर झटकलं. आतून अंगठ्याच्या नखाएवढी चीप पडली.

ती त्याची पहिली सुरी होती. वीतभर सुरीसाठी तो म्यान कापायला बसला, आणि म्यान कापून होईपर्यंत धार काढून काढून सुरी एवढीच उरली. कासमभाई म्हणाले, डोंगरात सगळ्यांच्या घरी असंच असतं. पहिलं म्यान नेहमी सुरीपेक्षा मोठंच. ज्याचं म्यान बरोबर बसलं, त्यानं लोखंड लावलं असं पाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल.

मी त्या चिपेकडे पाहत राहिलो. मधाच्या रंगाची, नखाएवढी, एका बाजूला बारीक दात. माझ्या कपाटात कापसावर अशा तीनशे आहेत. नऊ वर्षं मी त्या उचलल्या, धुतल्या, मांडल्या, आणि त्या एवढ्या लहान का हे मला कधी कळलं नव्हतं. त्या लहान केलेल्या नव्हत्या; त्या कापून कापून लहान झाल्या होत्या. मला एकाच वेळी लाज वाटली आणि आनंदानं उडी मारावीशीही वाटली. शेवटी मी बाबाच्या पायांवर डोकं ठेवलं. पाड्यावर ही पद्धत नसावी, कारण तो घाबरून मागं सरला.

"बठ," तो म्हणाला. "कातडं अजून शे."

उरलेले दोन दिवस मी उठलोच नाही. कापायचं, धार गेली की शिंग घ्यायचं, कड उडवायची, पुन्हा कापायचं. पहिल्या दिवशी सुरीचा प्रत्येक तुकडा उडताना जीव तुटे. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तो तुटेनासा झाला. हाताला कळू लागलं होतं, किती दाबायचं आणि कुठं सोडायचं. वीतभर म्यान पुरं झालं तेव्हा सुरी बोटभर उरली होती. आत टाकली की ती पार तळाशी जाई आणि काढायला म्यान उलटं करून आपटावं लागे. बाबानं ते आपटून पाहिलं आणि पोट धरून हसला. त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं. मग जमनीबाई हसली, कासमभाई हसले, कुत्रं आशेनं जवळ आलं.

निघताना बाबानं शिंगाचं टोक माझ्या हातात ठेवलं. सुरी देता येत नाही, शिंग देता येतं. त्याला काय द्यावं मला सुचेना. पोलादी चाकू देणं तर शक्यच नव्हतं. शेवटी भिंतीवरच्या घोड्यांशेजारी मी एक घोडा काढून दिला. बाबानं तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हाऊ बैल शे ना?"

परत

शेठकडे म्यान ओट्याबाहेर कडुनिंबाला टांगावं लागलं. आम्ही जेवत असताना गल्लीतली कुत्री झाडाखाली रांगेनं बसली आणि वर पाहू लागली. शेठ स्वतः काठी घेऊन दारात उभे राहिले. चामड्याला हात न लावता त्याचं रक्षण करताना त्यांची जी धांदल उडाली, ती पाहून मला त्यांच्याबद्दल फार प्रेम वाटलं. सुरी पाहायचीच म्हणून त्यांनी हट्ट धरला. मी म्यान आपटून ती तळहातावर काढली. शेठनी काठी बगलेत धरून ती चहूबाजूंनी पाहिली. मग म्हणाले, "मास्तर, अजूनबी सांगस. दुकानमाथीन एक लई जा."

शाळा सुरू झाली त्या दिवशी मधल्या सुटीत सगळे जमले. हेडमास्तरांनी रस्सीखेचीचा जुना दोर आणवला होता, अंगठ्याएवढा जाड. नवा कापू द्यायला त्यांचा नकार होता. मी वीतभर म्यान बाहेर काढलं आणि शिक्षक वाकून पाहू लागले. मग मी ते टेबलावर आपटलं, बोटभर सुरी घरंगळत बाहेर आली, आणि असा काही हशा झाला की, बाहेर खेळणाऱ्या मुलांचा गोंगाट थांबला. दामल्यांनी चष्मा काढून पुसला.

मी म्यानाची हकीकत सांगितली. पेन्सिलीचा चाकू, कुत्रं, सगळं सांगितलं. ते गाळलं असतं तर पुढचं कुणाला पटलं नसतं. मग दोर कापायला बसलो. काथ्या चिवट होता. पहिला पदर तुटला तेव्हा अजून हसणं चालू होतं. धार गेली. मी खिशातून शिंग काढलं, टेबलाशी बसूनच कड उडवली आणि पुन्हा लागलो. दुसऱ्यांदा धार काढली तेव्हा हसणं थांबलेलं होतं. तिसऱ्यांदा काढली तेव्हा दामले खुर्ची सरकवून माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी दोराचं टोक माझ्यासाठी ताणून धरलं. घंटा झाली. वर्गावर कुणी गेलं नाही. शेवटचा पदर तुटला तेव्हा दोर दामल्यांच्या हातात राहिला आणि माझ्या चिमटीत नखाएवढी चीप उरली. वादी केव्हाच गळून पडली होती.

दामल्यांनी ती चीप घेतली, माझ्या कपाटातला वरचा खण ओढला आणि कापसावरच्या मधाच्या रंगाच्या चिपांमध्ये ती ठेवून पाहिली. "हे खण इथंच राहतील," ते हेडमास्तरांना म्हणाले. हेडमास्तरांनी खिडकीतून आखाड्याकडे एकदा पाहिलं आणि हो म्हणाले.

आमचा शिपाई गणू भाविक माणूस. मास्तरांची इतकी वाहवा झाली म्हणून रविवारी, कुणी न सांगता, त्यानं तिन्ही खणांतल्या चिपा टोपलीत ओतल्या, देवाची भांडी घासावीत तशा चिंच लावून घासल्या आणि पुन्हा कापसावर मांडल्या. सोमवारी सगळ्या सारख्या लखलखत होत्या. मी माझी शोधू लागलो. दामलेही भिंग घेऊन आले. दोन तास आम्ही शेजारी शेजारी बसून एकेक चीप उजेडात धरीत होतो. त्यांनी एक काढली, ती मला माझी वाटेना. मी एक काढली, ती त्यांना फार जुनी वाटली.

शेवटी दामल्यांनी भिंग खाली ठेवलं. "राहू द्या हो," ते म्हणाले. "सगळ्या एकाच कारागिराच्या दिसतायत."

एवढी मोठी दाद मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती, आणि ती कोणत्या चिपेबद्दल घ्यावी हे मला आजही ठरवता आलेलं नाही.